भरलेली टाकी बोलत नाही

१

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की काडी कोरडी निघाली.

आता कोरडी काडी ही काही किंचाळण्याची गोष्ट नव्हे. पण तिला दचकायला कसलंही निमित्त पुरायचं. टोस्टरमधून ब्रेड उडाला की ती दचकायची, जिन्यात मागून कुणी खाकरलं की दचकायची, एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकून तिने कप फोडला होता. आईने तेव्हाच तिला नाव पाडलं, दचकी. आईला जाऊन दोन वर्षं झाली, नाव मात्र राहिलं. मुलगी सव्वीस वर्षांची झाली, भौतिकशास्त्राची पदवी घेऊन शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांची प्रुफं घरी बसून तपासू लागली, गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातल्या चुका काढू लागली, तरी दचकी ती दचकीच.

घराखालच्या गॅरेजमध्ये बाबांची गाडी असायची. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, त्यांच्या तरुणपणातली स्पोर्ट्‌स कार. तिच्या पेट्रोलच्या काट्यावर घरातल्या कुणाचा काडीचाही विश्वास नव्हता, म्हणून तर काडी होती. डावीकडे वळलं की काटा खाली पडायचा, चढ लागला की उठून बसायचा, टाकी अर्धी होईपर्यंत भरलेली आहे म्हणून सांगायचा आणि मग एकदम हात वर करायचा. त्याचं नाव थापाड्या. “थापाड्या काय म्हणतोय?” डोक्याला रेशमी स्कार्फ बांधता बांधता आई शेजारच्या सीटवरून विचारायची. बाबा म्हणायचे, “तो म्हणतोय अजून दोन गावं होतील. म्हणजे इथेच थांबूया.”

टाकी डिकीत, सीटच्या मागे. तिचं झाकण मागच्या पत्र्यावर आणि झाकणाखाली सरळ नळी. झाकण फिरवून काढायचं, वेताची हातभर काडी तळाला टेकेपर्यंत सोडायची, वर काढायची, आणि बाबांनी ब्लेडने कोरलेल्या कुठल्या खुणेपर्यंत ती ओली झाली ते बघायचं. काडी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असायची. हे काम लहानपणापासून दचकीचं.

त्या दुपारी तिने बऱ्याच दिवसांनी काडी सोडली, तर एकही खूण ओली नव्हती. तिने काडी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास नव्हता. कसला तरी फार ओळखीचा वास होता, पण ओळख पटायच्या आत उडून गेला.

“बाबा, कोरडी आहे. म्हणजे अगदी ठणठणीत. आधी पंपावर जा.”

बाबा चावी अर्धी फिरवून स्टिअरिंगमागे बसले होते. “थापाड्या काय म्हणतोय बघ.”

तिने खिडकीतून वाकून पाहिलं. काटा अर्ध्यावर होता. “थापाड्यावर कधीपासून विश्वास ठेवायला लागलात?”

“म्हातारपणी माणूस मऊ होतो गं,” ते हसले आणि चावी पुढे फिरवली. चोक ओढून तीनदा विनवल्याशिवाय न ऐकणारी ती गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. “आहे अजून,” बाबा म्हणाले आणि निघाले.

रोज चार वाजता ते एकटेच निघायचे, तलावाच्या वळणापर्यंत जायचे आणि परत यायचे. आई असताना दोघं सुट्टीच्या दिवशी जायचे तोच रस्ता. जाऊन येऊन चौतीस किलोमीटर.

सव्वापाचला गाडी परत आली.

२

काडी खोटं बोलत नाही, पण काडी चुकू शकते, असं तिने स्वतःला समजावलं. टाकीच्या आत आडवे पत्रे असतात, काडी त्यातल्याच एखाद्यावर टेकली असेल. रात्री अंथरुणात तिने मनातल्या मनात टाकीची आकृती काढली, तिला नावं दिली, बाण काढले, आणि समाधानाने कूस बदलली. मग आठवलं, की वीस वर्षं ती त्याच नळीतून तीच काडी सोडत होती, आणि पत्रा एकदाही मध्ये आला नव्हता.

पण दुसरी परीक्षा होतीच. तीही बाबांनीच शिकवलेली. गाडीच्या मागच्या कोपऱ्याला कंबरेने हलकेच धक्का द्यायचा आणि ऐकायचं. “रिकामी टाकी नुसती हलते,” बाबा सांगायचे, “अर्धी टाकी बोलते. भरलेली टाकी बोलत नाही.” अर्धी टाकी डचक् डचक् करायची, आणि तेवढ्यावरून बाबा तिला चिडवायचे, “बघ, तुलाच हाक मारतेय.”

सकाळी गॅरेजचं शटर अर्धं वर करून ती आत गेली. आधी काडी सोडली. कोरडी. मग कंबरेने धक्का दिला.

डचक्.

आवाज आला, पण धक्क्याबरोबर नाही. धक्का दिला, गाडी हलली, थांबली, आणि मग, कुणीतरी आधी ऐकून घ्यावं आणि मग उत्तर द्यावं तसा, आवाज आला.

“बाबा!” ती ओरडली. तोंडातून निघूनच गेलं.

लहानपणापासूनचा घरातला रिवाज होता. दचकीने हाक मारली की बाबांनी लगेच ओ द्यायची. ते आंघोळीला असोत, गच्चीवर असोत, गाडीखाली आडवे पडलेले असोत, पहिल्याच हाकेला त्यांची ओ यायची आणि तिच्या पाठोपाठ, “काय गं दचके?” हाक रिकामी गेली की ही पोर पांढरीफटक पडते, हे त्यांना ठाऊक होतं.

आज ती शटरजवळ उभी राहिली आणि ओ आली नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली. वरच्या मजल्यावर नळ बंद झाला. मग जिन्यावरून आवाज आला, “ओ... काय गं दचके?”

बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण. त्यांनी वाकून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला काडीचा वास कसला होता ते कळलं.

३

मिस्तरी घरीच येऊन काम करायचे. बाबांच्या वयाचे, एका कानाने कमी ऐकणारे, गाडीची नस अन् नस माहीत असलेले. दुपारी दोनला आले, तेव्हा बाबा वर झोपले होते.

“या गाडीचा काटा आणि माझ्या मेहुण्याचा शब्द,” डिकी उघडत ते म्हणाले, “दोन्हींवर विसंबलेला माणूस रस्त्यातच बसतो. काय म्हणतेय तुमची म्हातारी?”

तिने सगळं सांगितलं. साबणाचं सोडून.

“चौतीस किलोमीटर? रोज? आणि पेट्रोल कधी भरलं?”

“माझ्या माहितीत तरी महिना झाला असेल. बाबा म्हणतात आहे अजून.”

“मग बाबाच चोरून भरत असतील. तुला घाबरवायला.” त्यांनी टाकीवरची गोल झाकणी खोलायला घेतली. तिच्याखाली काट्याचा फ्लोट असतो. एका दांडीच्या टोकाला पोकळ डबी, ती पेट्रोलवर तरंगते, आणि ती जितकी वर तितका काटा वर. “हा अडकला असणार. जुना रोग आहे. काढतो, घासतो, लावतो.” स्क्रू निघाले. झाकणी जरा उचलून त्यांनी बॅटरीचा झोत आत टाकला आणि तसेच वाकून राहिले.

“काय?”

“टाकी कोरडी आहे.”

“तेच तर मी...”

“ये इकडे. मला जरा डोळ्यांनी कमी दिसतं. तू बघ.”

ती वाकली. टाकीचा तळ स्वच्छ, चकचकीत, थेंबभर ओल नव्हती. आणि तळापासून वीतभर वर, कशावरही नाही अशी, ती डबी तरंगत होती. अडकलेली नव्हती. सावकाश वर यायची, क्षणभर थांबायची, सावकाश खाली जायची. वर. खाली. घाई नव्हती कसलीच.

“स्प्रिंग असेल,” मिस्तरी म्हणाले.

“त्याला स्प्रिंग असते?”

“नसते.”

त्यांनी झाकणी परत बसवली. स्क्रू घालताना एक हातातून पडला, तो शोधायला ते थांबले नाहीत. हात पुसत म्हणाले, “बाबांना सांग, गाडी छान आहे. छान चाललीये.” आणि मग, कमी ऐकणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात नाही, अगदी हळू, “कुठे झोपलेत ते?”

तिने वर बोट दाखवलं. गॅरेजच्या बरोबर वर बाबांची खोली होती. दोघांनीही छताकडे पाहिलं. मग मिस्तरींनी डिकी आवाज न करता लावली.

४

मिस्तरी गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, मोजलेल्यावर ठेवायचा, हे ती दर वर्षी पाचवीच्या पुस्तकात तपासत होती. तिने काडी घेतली, नळीत सोडली, आणि टेकल्यावरही जोराने दाबली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चांगली खुपसली. तळ मऊ लागला का? छे. लोखंडी पत्रा मऊ कसा लागेल?

चहाच्या वेळी बाबा बरगडीखाली हात दाबत आले.

“काय झालं?”

“काही नाही गं. झोपेत कुणीतरी खुपसल्यासारखं वाटलं इथे. एकदा नाही, तीन-तीनदा.” ते हसले. “बाहेर जाऊन आलं की बरं वाटेल.”

तिने हातातला कप खाली ठेवला. योगायोग. पोटात वायू धरला असेल. सत्तरीच्या माणसाला दिवसातून दहा वेळा कुठे ना कुठे टोचतं.

मग तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. बाबांच्या मनगटावरच्या पट्ट्याला सहा भोकं होती आणि तिसऱ्या भोकाशी वर्षानुवर्षांची काळी घडी पडली होती. आज पट्टा पाचव्यात होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, पोटाचे फोटो काढले. “भूक लागते?” “लागते.” “झोप?” “येते.” “मग झालं तर! रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे.” वजनाच्या काट्यावरून बाबा खाली उतरले आणि डॉक्टरांनी तो काटा दोनदा ठोकून पाहिला. “हा पण बिघडलाय वाटतं,” ते म्हणाले.

“आमच्याकडे सगळे काटे थापाडेच,” बाबा म्हणाले, आणि डॉक्टर खूप हसले. दचकीला हसू आलं नाही.

परतताना टॅक्सीत तिने विचारलं, “बाबा, तिकडे तलावापाशी जाऊन तुम्ही काय करता?”

“काही नाही. थांबतो पाच मिनिटं. तुझ्या आईच्या बाजूची काच खाली करतो. परत येतो.” ते खिडकीबाहेर बघत होते. “हलकं वाटतं गं. रोज थोडं थोडं हलकं वाटतं.”

५

तिने ठरवलं, की टाकी भरून टाकायची. ऊतू जाईपर्यंत. गाडी पेट्रोलवर चालते हे एकदा गाडीलाच सांगायचं.

सकाळी बाबा पेपर वाचत असताना ती गाडी घेऊन पंपावर गेली. गाडी ती कधीमधी चालवायची, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून. पंपावरची बाई ओळखीची होती. नोझल हातात घेत ती म्हणाली, “किती दिवसांनी! या बाईसाहेबांचं पोट भरायला मला अख्खी सकाळ लागते.”

ते खरंच होतं. या गाडीत पेट्रोल भरायची एक रीत होती. नळी अरुंद, आतल्या हवेला बाहेर यायला जागा नाही, त्यामुळे घाईने भरलं की फेस वर यायचा आणि नोझल टक् करून आपोआप बंद व्हायचं. मग नोझल उलटं धरायचं, खटका अर्धाच दाबायचा, आणि शेवटचे चार-पाच लिटर तर बाळाला चमच्याने भरवावं तसे घालायचे.

बाईने नोझल उलटं धरलं, खटका अर्धा दाबला.

टक्.

“अरेच्चा.” पुन्हा दाबला. टक्. अजून हलक्या हाताने, अगदी बोटाच्या टोकाने. टक्. “भरलेली आहे ही.”

“नाहीये. काडी घालून पाहिलंय मी. मी धरू?”

तिने धरलं. टक्. थोडं वर ओढून, टक्. डोळे मिटून, श्वास रोखून, एक सेकंद धार आत गेल्यासारखी वाटली, आणि लगेच टक्. नवव्यांदा बाईने तिच्या हातावर हात ठेवला. “अगं पोरी, नको म्हणतेय ती. किती जबरदस्ती करशील?” मग नळीवर वाकून तिने वास घेतला, भुवया वर केल्या आणि झाकण लावून टाकलं.

घरी आली तर जिन्यातच खोकला ऐकू आला. बाबा बेसिनवर वाकले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. “घशाशी एकदम कडू कडू आलं,” ते कसेबसे म्हणाले. “पाणी दे.”

ती ग्लास घेऊन जवळ गेली. त्यांच्या श्वासाला पेट्रोलचा वास येत होता.

ती त्यांची पाठ चोळत राहिली. शर्टाखाली मणके मोजता येत होते. तिला वाटलं, रडू यावं, पण भीती इतकी होती की रडायला जागाच नव्हती.

६

त्या दिवशी तिने चावी लपवली. रिकाम्या चहाच्या डब्यात, डबा प्रुफांच्या गठ्ठ्यामागे.

“चावी पाहिलीस का गं?”

“नाही.”

आयुष्यात ती बाबांशी इतकं उघड खोटं पहिल्यांदाच बोलली, आणि ते त्यांना कळलं हेही तिला कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

अकरा दिवस गाडी हलली नाही. चौथ्या दिवशी बाबांनी दुसऱ्यांदा सूप मागून घेतलं. सातव्या दिवशी घड्याळाचा पट्टा चौथ्या भोकात आला. वर आलेली गालांची हाडं आत गेली. गॅरेजमध्ये जाऊन तिने कंबरेने धक्का दिला, तर डचक् आवाज आता पातळ झाला होता, तळाशी कुठेतरी. एकटीच्या एकटी ती गॅरेजमध्ये हसली. जिंकल्यासारखं वाटलं.

पण बाबा बोलेनासे झाले. चार वाजले की ते खिडकीपाशी खुर्ची नेऊन बसायचे आणि रस्त्याकडे बघत राहायचे. हाक मारली की ओ वेळेवर यायची, पण नुसती ओ. पुढचं “काय गं दचके” गळून पडलं होतं. एकदा तिने पाहिलं, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डावा हात हळूच खाली गेला आणि नसलेली काच खाली करण्यासाठी नसलेलं हँडल फिरवू लागला.

तिने दुसऱ्या शहरातल्या दादाला फोन केला. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा आणि नव्वद वर्षांनी शहाणा.

“तू बाबांची चावी लपवलीस?” दादा म्हणाला. “का? काडी ओली होत नाही म्हणून?”

“दादा, ते झिजतायत. गाडी चालवली की झिजतात, नाही चालवली की भरतात. मी पट्टा बघतेय.”

“दचके, ऐक. आई गेल्यावर त्या माणसाकडे दिवसातली एवढी एकच गोष्ट उरलीये, ती सव्वा तासाची. तीही तू काढून घेतलीस. वजन वाढलं म्हणतेस ना? कोंडून ठेवलेल्या कुणाचंही वाढतं.”

“तू इथे येऊन बघ.”

“येतो. पुढच्या महिन्यात येतोच. तोपर्यंत चावी दे त्यांना. आणि जरा झोपत जा.”

फोन ठेवल्यावर तिला दादाचा राग येईना. त्याचं म्हणणं चूक आहे हे तिला माहीत होतं. पण ते बरोबरही होतं, आणि तेच अवघड होतं.

७

बाराव्या दिवशी दुपारी जेवताना बाबाच बोलले.

“तुला वाटतं मला कळत नाही?”

तिचा चमचा हातातून निसटला.

“घाबरू नकोस. रागावलो नाहीये.” त्यांनी चमचा उचलून पुसून तिच्या ताटाजवळ ठेवला. “मी पण काडी घालून बघितली होती. तुझ्या आधी, खूप आधी. कोरडी. थापाड्या म्हणत होता आहे, काडी म्हणत होती नाही. चाळीस वर्षं काडीचं ऐकत आलो. त्या दिवशी म्हटलं, चला, एकदा थापाड्याचं ऐकून बघू. निघालो, तर पोचलो.”

“बाबा, ती कशावर चालते?”

“वळणापाशी गेलं ना,” ते म्हणाले, “की शेजारची सीट जरा खाली दबते. म्हणजे मला तसं वाटतं. तुझी आई बसताना दबायची तेवढीच. मग मी बघत नाही तिकडे. बघितलं की जाईल असं वाटतं.”

“मी येते बरोबर. एकदा मला घेऊन चला.”

“दोघांचीच गाडी आहे गं ती.”

हे त्यांनी फार मायेने सांगितलं. ती उठली, प्रुफांच्या गठ्ठ्यामागून डबा काढला आणि चावी त्यांच्या ताटाजवळ ठेवली. पण बोट चावीवरून उचललं नाही.

“परत येणार ना? शपथ?”

“रोज येतो की नाही सव्वापाचला?”

“हाक मारली तर ओ द्याल?”

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता. कागद ठेवावा इतका. “कधी दिली नाही का? तू हाक मार. मी कुठेही असलो तरी ओ देईन.”

चार वाजता खाली उतरताना जिन्यात थांबून ते मागे वळले, जरा ओशाळल्यासारखे. “आणि दचके, तिच्यात काडी घालू नकोस आता. टोचतं.”

८

सव्वापाचला गाडी आली. तिने वरून ऐकलं. गिअर खाली पडला, गाडी उतारावरून आत आली, एक हुंकार देऊन इंजिन थांबलं. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि पावलांची वाट बघू लागली. गाडीचं दार, शटर, जिन्याच्या सोळा पायऱ्या. हा क्रम तिला पाठ होता.

गाडीचं दारच वाजलं नाही.

पाच वाजून वीस मिनिटं. पंचवीस. बसले असतील. पाय अवघडले असतील. साडेपाचला ती खाली गेली.

उन्हाचा तिरपा पट्टा शटरखालून आत आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. गाडी नेहमीच्या जागी होती. तापलेलं इंजिन थंड होताना टिक् टिक् करत होतं. दोन्ही दारं बंद, शेजारच्या सीटची काच खाली. आणि गाडी मागून दबली होती. डिकीत काहीतरी जड ठेवावं तशी मागची चाकं जवळजवळ पत्र्याला टेकली होती.

“बाबा?”

ड्रायव्हरच्या सीटखाली, पेडलांपाशी, बाबांचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते. नाड्या बांधलेल्या. सीटवर चष्मा, मोबाइल आणि घड्याळ. घड्याळाचा पट्टा लावलेलाच होता, सहाव्या भोकात.

चावी बंद होती. चावी बंद असताना थापाड्या खाली पडलेला असायचा, तेवढं एक खरं तो नेहमी सांगायचा. आज काटा भरलेल्याच्या खुणेवर होता. खुणेच्याही पलीकडे, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत.

“बाबा!” ती जिन्यात जाऊन ओरडली. वर गेली, सगळ्या खोल्या पाहिल्या, मोरीचं दार ठोठावलं, रस्त्यावर येऊन दोन्ही बाजूंना ओरडली. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि बंद झाली. गॅरेजमध्ये परत येऊन, काही न सुचून, तिने बाबांचा नंबर लावला. फोन गाडीच्या सीटवर थरथरत घरघरू लागला आणि ती दचकून भिंतीला आदळली. दादाचा नंबर लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मग तिला कुठे हाक मारायची राहिली होती ते कळलं. खरं तर खाली आल्यापासूनच कळलं होतं, फक्त पाय तिकडे वळत नव्हते.

ती गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी गेली. कंबरेने हलकेच धक्का दिला. कान लावला.

काही नाही. डचक् नाही, खडखड नाही. गाडी हललीसुद्धा नाही.

तिने सवयीने खिळ्यावरची काडी काढली. हातात धरून उभी राहिली. मग ती पुन्हा खिळ्याला लावली, आवाज होऊ न देता.

झाकण कोमट होतं. दोन्ही हातांनी तिने ते सावकाश फिरवलं आणि काढलं. आत काळोख होता, आणि त्या काळोखातून दाढीच्या साबणाचा वास वर आला. त्याच्या मागोमाग, अगदी पुसट, आणखी एक वास आला. आईच्या रेशमी स्कार्फांच्या कप्प्याचा. ती पत्र्यावर टेकली. आपल्याला वेड लागलंय, असं तिने स्वतःला सांगितलं. पदवीधर बाई गाडीच्या टाकीत तोंड घालून हाक मारतेय. कुणी बघितलं तर?

तिने ओठ नळीच्या काठाशी नेले. झोपलेल्या माणसाला उठवताना मारतात तशी हळू हाक मारली.

“बाबा.”

इंजिनची टिकटिक थांबली होती.

“बाबा, मी आहे. मला भीती वाटतेय.”

काही नाही. शटरबाहेर ऊन एक बोटभर सरकलं. तिने डोळे मिटले, आणि सहा वर्षांची असताना अंधाऱ्या जिन्यातून मारायची तशी, सगळा जीव एकवटून, तिसऱ्यांदा हाक मारली, “बाबाऽ!”

आणि खालून, फार खोलातून नव्हे, अगदी ओठांपाशी, जराही उशीर न करता, ओ आली.